मोटारीच्या दारातली तार : एका दुर्लक्षित वाटेचा इतिहास

१/
कोणत्याही आधुनिक मोटारीचे पुढचे दार पूर्ण उघडा आणि दोन बिजागऱ्यांच्या मध्ये पाहा. शरीराच्या खांबापासून दारापर्यंत गेलेली, सुरकुत्यांची एक काळी रबरी नळी दिसेल. काचेच्या मोटारीच्या, कुलुपाच्या, आरशाच्या तारा तिच्यातून जातात. त्यांच्याच सोबतीने स्पीकरच्या दोन बारीक तारा जातात. रेडिओ मोटारीत शिरला १९३०च्या आसपास. या दोन तारा दारात सर्रास दिसू लागल्या त्या मात्र १९७०च्या दशकानंतर. मधली चाळीस वर्षे आवाज दारापर्यंत का पोहोचला नाही, हा या धाग्याचा प्रश्न.

२/
प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तंत्रज्ञानाचा इतिहास आपण सहसा संशोधकांच्या नावांनी लिहितो : अमुक साली अमुक व्यक्तीने अमुक शोध लावला. एखादी वस्तू अमुक जागीच का बसली, तिथवरची वाट कोणी पाडली, हे मागे राहते. मोटारीचे दार या दृष्टीने उत्तम साधन आहे. स्पीकरसाठी ते कोणी घडवले नव्हते. तरी स्पीकरचे हक्काचे घर तेच झाले.

३/
सुरुवात शिकागोतून. पॉल गॅल्विन यांनी १९२८ मध्ये गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली. घरगुती रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवणारे उपकरण हा त्यांचा माल. विजेवर थेट चालणारे रेडिओ बाजारात आले आणि या मालाची गरजच ओसरली. त्यात १९२९ची मंदी. जगण्यासाठी नवे उत्पादन हवे होते. मोटारीत बसवता येईल असा रेडिओ हे त्यांचे उत्तर.

४/
जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले. गॅल्विन यांच्यापाशी तिथे गाळा नव्हता. त्यांनी आपली स्टुडबेकर गाडी अधिवेशनस्थळाबाहेर उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना आत बसवलेला रेडिओ ऐकवला. मागण्या मिळाल्या. ‘मोटर’ला त्या काळच्या ध्वनियंत्रांच्या नावांत आढळणारे ‘ओला’ हे शेपूट जोडून ‘मोटोरोला’ हे नाव तयार झाले. १९४७ मध्ये कंपनीनेही तेच धारण केले.

५/
तो संच आजच्यासारखा एक डबा नव्हता. ग्राहक यंत्र एकीकडे, बॅटऱ्या जमिनीखाली, एरियलची जाळी छताच्या अस्तरात आणि स्पीकर वेगळ्या पेटीत, पायांच्या वर टांगलेला. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत उतरू नये म्हणून स्पार्क प्लगपाशीही बंदोबस्त करावा लागे. किंमत शंभर डॉलरहून अधिक. फोर्डची मॉडेल ए ही अख्खी गाडी तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती.

६/
युरोपातही चित्र असेच. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा ‘एएस ५’ हा मोटार रेडिओ आला, किंमत ४६५ मार्क. साध्या मोटारीच्या किमतीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी. यंत्र इतके अवजड होते की ते चालकापासून दूर बसवावे लागे आणि नियंत्रणासाठी स्टिअरिंगच्या दांड्यावर वेगळी कळ द्यावी लागे. अशा काळात स्पीकर कुठे शोभेल हा प्रश्नच गौण होता. यंत्राला जागा मिळाली तरी पुष्कळ.

७/
आणि वीज? मोटारीची बॅटरी तेव्हा ६ व्होल्टची. रेडिओतील व्हॉल्व्हना मात्र शेकड्यांत मोजावे इतके व्होल्ट लागत. पुढे यावर ‘व्हायब्रेटर’ नावाची युक्ती आली. एक पोलादी पाते सेकंदाला शंभराच्या घरात वेळा थरथरून बॅटरीचा प्रवाह तोडत-जोडत राही आणि ट्रान्सफॉर्मर त्यातून वरचा दाब काढी. जुन्या मोटार रेडिओची ती सूक्ष्म गुणगुण याच पात्याची. एवढ्या खटाटोपानंतर एकच स्पीकर वाजे.

८/
विरोधही झाला. गाडी हाकताना गाणी ऐकल्याने चित्त विचलित होईल, चालकाला डुलकी लागेल, असे आक्षेप १९३०च्या दशकात अमेरिकेत घेतले गेले आणि मोटार रेडिओवर बंदीचे प्रस्तावही आले. बंदी टिकली नाही. गाडीत आवाज असावा का, हा वाद मागे पडला. आता आवाज कुठून यावा, एवढेच ठरायचे होते.

९/
पुढील दोन दशकांतले उत्तर एकच : डॅशबोर्डच्या मधोमध. प्रक्षेपण एकमार्गी होते. डावा-उजवा हा भेदच नव्हता. एक स्पीकर, एक जाळी, आणि गाडीतील सर्वांना तेच कार्यक्रम. तारेची गरजही थोडी. गाडीचे लोखंडी शरीर बॅटरीच्या एका टोकाला जोडलेले असल्याने परतीची वाट तयारच होती. अनेक गाड्यांत स्पीकरला एकच तार नेत आणि दुसरे टोक सरळ शरीराला लावत.

१०/
दुसरा स्पीकर आला तो मागच्या काचेखालच्या फळीवर. पुढचा आवाज कमी करून मागचा वाढवण्यासाठी ‘फेडर’ नावाची कळ आली. पण ही रचनाही एकमार्गीच. पुढे आणि मागे तेच गाणे, फक्त कमीजास्त. स्पीकरची तार जमिनीवरील गालिच्याखालून सरळ मागे जाई. वाटेत काहीही हलत नसे. उघडझाप करणाऱ्या दारात तार नेण्याची जोखीम घेण्याचे कारणच नव्हते.

११/
मग दारात पहिली तार नेली कोणी? काचेने. अमेरिकेत १९४०च्या सुमारास पॅकार्डच्या उंची गाड्यांत यांत्रिक शक्तीने वरखाली होणाऱ्या काचा आल्या. १९५१च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये त्या पूर्णपणे विजेवर चालू लागल्या. बिजागरीपाशी भोक, त्यात रबरी कडे, त्यातून तारांचा जुडगा, ही रचना श्रीमंतांना हात न हलवता काच खाली करता यावी म्हणून रुळली. संगीताला पुढे ही वाट आयती मिळाली.

१२/
दुसरा धक्का ट्रान्झिस्टरचा. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत तो सिद्ध झाला. १९५५ मध्ये फिल्कोने क्रायस्लरसाठी पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार रेडिओ आणला, किंमत १५० डॉलर. त्याच सुमारास अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर सरकल्या. व्हॉल्व्ह गेले, व्हायब्रेटर गेला, उष्णता आणि वजन घटले. डॅशबोर्डमागे एकाएकी मोकळी जागा झाली.

१३/
त्या जागेत काय घालायचे याचे प्रयोग गमतीदार आहेत. क्रायस्लरने १९५६च्या गाड्यांसाठी चक्क तबकडी वाजवणारे यंत्र दिले : ‘हायवे हाय-फाय’. सीबीएसचे पीटर गोल्डमार्क यांची ही रचना. तबकडी सात इंची, मिनिटाला १६⅔ फेरे. त्यासाठी खास तबकड्याच लागत आणि त्यांची निवड तोकडी. प्रयोग लवकरच गुंडाळला गेला. तरी त्याने एक इच्छा जागी केली : प्रक्षेपकाने ठरवलेले नव्हे, आपण निवडलेले ऐकायचे.

१४/
ती इच्छा फितीने पुरी केली. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात अर्ल मंट्झ यांनी मोटारीसाठी चार ट्रॅकची फीत लोकप्रिय केली. मग विल्यम लियर यांनी आठ ट्रॅकची फीत आणली आणि फोर्डने १९६६च्या गाड्यांत ती देऊ केली. हे तेच लियर, ज्यांनी गॅल्विन यांच्या पहिल्या मोटार रेडिओच्या घडणीत हातभार लावला होता आणि ज्यांच्या नावाची खासगी जेट विमाने पुढे जगभर उडाली. फिलिप्सची कॅसेट १९६३ची. मोटारीत ती थोडी उशिरा रुळली, पण टिकली तीच.

१५/
आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. फीत स्टीरिओ होती. डावा आणि उजवा आवाज वेगळा. म्हणून दोन बाजूंना दोन स्पीकर हवेत. डॅशबोर्डचा मध्य निरुपयोगी ठरला. मागची फळी दोन स्पीकर घेऊ शकत होती, पण मग गायक पाठीमागे बसून गातो असे वाटे. पुढे, डावी-उजवीकडे, रुंद आणि सपाट जागा गाडीत एकच उरली होती : दार.

१६/
दार भौतिकदृष्ट्याही सोयीचे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लहरी मोकळ्या मिसळल्या तर खालच्या सुरांत एकमेकींना खाऊन टाकतात. उघड्या हातात धरलेला स्पीकर म्हणूनच किरकिरा वाजतो. पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणारी भिंत हवी. दाराचे दोन पत्रे आणि त्यांमधली पोकळी मिळून ओबडधोबड का होईना, पेटी तयार होते.

१७/
पण ही पेटी ओली असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. काच जिथे दारात उतरते त्या फटीतून पावसाचे पाणी आत जातेच. दाराच्या तळाला ते निघून जाण्यासाठी मुद्दाम भोके ठेवलेली असतात. आतल्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते पाणी आसनाकडे येऊ देत नाही. कागदी पडद्याच्या स्पीकरला हे घर घातकच. १९७०च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागात डडली हारवूड यांनी पॉलिप्रॉपिलीनचे पडदे विकसित केले ते स्टुडिओतील काटेकोर ध्वनीसाठी. न भिजणारे हे प्लास्टिक दारातील स्पीकरलाही पुढे फार मानवले.

१८/
तारांची संख्याही बदलली. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये स्पीकरचे एक टोक शरीराला जोडलेले असे. चालू गाडीचा दाब १४.४ व्होल्ट धरला तर आवाजाच्या लहरीला वर-खाली ७.२ व्होल्टच मिळतात. ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम साडेसहा वॅट. नंतरच्या ‘ब्रिज’ रचनेत दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी हलवतात. लहर दुप्पट, म्हणून शक्ती चौपट : सुमारे २६ वॅट. एवढा लाभ, पण अट एक. दोन्ही टोके आता ‘जिवंत’. एकही शरीराला लागता कामा नये.

१९/
जुन्या गाडीत नवा संच बसवताना हीच अट घात करी. आधीच्या सवयीने स्पीकरची एक तार शरीराला जोडली की नव्या संचाची चिप संकटात. दारात तर धोका अधिक. तार भोकाच्या धारदार पत्र्यावर घासून तिचे वेष्टन फाटले की तोच परिणाम. म्हणून भोकात रबरी कडे, दार पूर्ण उघडल्यावरही ताण येणार नाही इतका झोळ, आणि बारीक धाग्यांची लवचीक तार. एकाच जाड धाग्याची तार रोजच्या उघडझापीने वाकून वाकून तुटते. कारागिरांनी हे नियम हाताने शिकले.

२०/
जाता जाता एक हिशेब. संचाच्या खोक्यावर ‘४×५०’ वॅट छापलेले आपण पाहतो. वरचे गणित पुन्हा करा. लहर पूर्ण चौकोनी होईपर्यंत, म्हणजे आवाज साफ विद्रूप होईपर्यंत चढवली, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे सुमारे ५२ वॅट. छापील आकड्याचा उगम हा. स्वच्छ सुरांसाठी निम्मीच शक्ती उरते. जाहिरात हेही इतिहासाचे साधन आहे. फक्त ते कोणत्या अटीवर खरे आहे हे तपासावे लागते.

२१/
२६ वॅटांची ही भिंत बॅटरीच्या दाबाने घातलेली. ती ओलांडायची तर दाब आधी वाढवायला हवा. अमेरिकेत जिम फॉसगेट यांनी १९७३ मध्ये मोटारीसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणला. जपानच्या पायोनियरने १९७५ पासून मोटारीसाठी सुटे-सुटे घटक विकायला सुरुवात केली. संच एकाचा, ॲम्प्लिफायर दुसऱ्याचा, स्पीकर तिसऱ्याचा. कारखान्याने दिलेली गाडी तरुण मुले स्वतःच्या कानांनुसार पुन्हा घडवू लागली. त्यांच्या हातून दारात नवी, जाड तार शिरली.

२२/
कारखान्यांनी उत्तर दिले. १९८३च्या कॅडिलॅक सेव्हिलसह जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत बोस कंपनीची, त्या-त्या गाडीच्या अंतर्भागानुसार आखलेली ध्वनियोजना आली; प्रत्येक स्पीकरला स्वतःचा ॲम्प्लिफायर. संस्थापक अमर बोस हे एमआयटीतील प्राध्यापक. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे वसाहती सत्तेशी लढताना बंगाल सोडून अमेरिकेला गेलेले क्रांतिकारक. गाडीची काच, आसन, माणसांच्या बसण्याच्या जागा हे सारे ध्वनीच्या हिशेबात धरण्याची कल्पना इथे औद्योगिक झाली.

२३/
आता आपल्याकडे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, बाहेर पडे. हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसेडर बंगालातून. दोन्ही गाड्यांच्या काचा हाताने फिरवायच्या. म्हणजे दारात विजेची वाटच नव्हती. रेडिओ बाळगायला १९८०च्या दशकापर्यंत परवाना लागे. १९५७ पासून विविध भारती होती, रेडिओ सिलोन होते; पण गाडीत रेडिओ असणे हीच चैन. दोन स्पीकरची चर्चा दूरच.

२४/
मग १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ‘डेक बसवणे’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत रुळला. गाड्यांच्या साध्या आवृत्त्या संगीताविनाच विकल्या जात. उरलेले काम बाजारातल्या कारागिराचे. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता हे सुट्या भागांचे माहेरघर. जिथे वाट नव्हती तिथे ड्रिलने भोक पाडून, रबरी कडे बसवून, तार ओवून या हातांनी पद्मिनीच्या दाराला आवाज दिला.

२५/
या कारागिरांची नावे कोणत्याही कंपनीच्या इतिहासात नाहीत. कंपन्यांचे इतिहास ‘जगातील पहिला’ या बिरुदांनी भरलेले असतात. ते वाचताना एकच प्रश्न विचारावा : पहिला कशातला? पहिला विकलेला, पहिला जाहिरात झालेला, की पहिला टिकलेला? भारतातील मोटार-ध्वनीचा इतिहास लिहायचा असेल तर पेटंटांपेक्षा जुन्या गाड्यांची दारे उघडावी लागतील. हाताने पाडलेले भोक आणि कारखान्यात पाडलेले भोक यांतला फरक पत्र्यावर आजही वाचता येतो. भंगारात जाणारी प्रत्येक पद्मिनी हा पुरावा सोबत नेते.

२६/
दरम्यान दार स्वतःच बदलले. अमेरिकेत १९७३ पासून बाजूने होणाऱ्या धडकेसाठी दाराच्या ताकदीचे नियम लागू झाले. आत पोलादी आडवी पट्टी आली. बॉशने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही रचना जाहीर केली. तिच्यामुळे मोजक्या तारांवरून अनेक संदेश जाऊ लागले. अलीकडच्या काही गाड्यांत तर दाराच्या पोकळीतील हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो. धडकेत पत्रा आत दबला की हवा दाबली जाते आणि बाजूची एअरबॅग उघडायची की नाही, हे ठरवायला मदत होते.

२७/
याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे. मोठा स्पीकर बसावा म्हणून आतला पत्रा कापला किंवा झाकण उघडे ठेवले, तर त्या पोकळीतील हवेचे वर्तन बदलते. पद्मिनीच्या दाराला पाडलेले भोक फार तर गंज आणी. आजच्या दाराला पाडलेले भोक जीव वाचवणाऱ्या यंत्रणेच्या अंदाजात ढवळाढवळ करू शकते. दार आता मोकळी पेटी राहिलेले नाही. गाडीच्या निर्मात्याची पुस्तिका पाहिल्यावाचून तिथे करवत चालवू नये.

२८/
शेवटचा मुद्दा दाराबाहेरचा. पातळ पत्रा आणि काच वरचे सूर बऱ्यापैकी अडवतात, खालचे फारसे नाही. म्हणून शेजारून गेलेल्या गाडीतले गाणे आपल्याला कळत नाही. छातीवर धडधड तेवढी आदळते. आत बसलेल्याला संगीत, बाहेरच्याला केवळ ठोके. भारतात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. चार-पाच दशकांपूर्वी ज्या दाराने गाडीतल्या आवाजाला जागा दिली, त्याच दाराबाहेर आता कायद्याला उभे राहावे लागले.

२९/
सारांश असा. दारातला स्पीकर हा कोणा एकाचा शोध नाही. वाट काचेने पाडली, जागेची निकड फितीने निर्माण केली, ट्रान्झिस्टरने यंत्र लहान केले, प्लास्टिकने ओल सोसली आणि शेवटची जोडणी निनावी हातांनी केली. यांतला एक दुवा नसता तरी स्पीकर कदाचित डॅशबोर्डच्या मधोमधच राहिला असता.

३०/
घरात, नात्यात, गल्लीत २००० सालापूर्वीची एखादी गाडी उभी असेल तर तिच्या दाराकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. स्पीकर किती, तारा किती, भोक कारखान्याचे की हाताचे, रबरी कडे आहे की नुसता पत्रा? छायाचित्र काढा, गाडीचे साल आणि काम कुठल्या गावी झाले ते टिपून ठेवा. ज्याने ते बसवले तो कारागीर हयात असेल तर त्याला बोलते करा. धागा इथे थांबवतो.